विहीर वैशाखात बघावी

आम्ही निघालो त्या दिवशी टेम्पो दुपारी बाराला दारात येऊन उभा राहिला आणि आईनं त्याला चार वाजेपर्यंत जागचं हलू दिलं नाही. "डोक्यावर ऊन घिऊन कुनी घर सोडतं व्हय? दिवस कलू दे की," एवढंच तिचं म्हणणं. ड्रायव्हर पनवेलचा होता, त्याला घाई होती. तो आधी हसला, मग चिडला, मग आईनं वाढलेलं पिठलं-भाकरी खाऊन टेम्पोच्याच सावलीत आडवा झाला. वैशाख होता. माण तालुक्यातला वैशाख. अंगणात अनवाणी पाय टाकला की माणूस चालत नाही, पळतो.

माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. संदीपचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं घर परळच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. त्याला जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी लागली, कामोठ्यात भाड्याची खोली मिळाली आणि संसाराचं आंदण माझ्या माहेराहून न्यायचं ठरलं. आंदण म्हणजे तरी काय? एक लोखंडी कॉट, पत्र्याची गव्हाची कोठी, दोन ट्रंका, एक मिक्सर. तात्यांनी, माझ्या वडिलांनी, ते सगळं स्वतःच्या हातानं बांधलं. तात्या पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. विहिरीत उतरायचा त्यांचा एक जाड दोर होता, तो कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी दुसरा दोर पुरेना म्हणून त्यांनी तोच काढला, सामानावरून दोन वेढे घेतले, गाठ मारली आणि म्हणाले, "पोचल्यावर परत पाठव." सबंध दिवसात माझ्याशी तेवढंच बोलले. मला वाटलं, लेक चालली म्हणून गळा दाटलाय. मीही मग हमसून हमसून रडले. आपल्याला जे वाटतं ते किती आत्मविश्वासानं वाटतं, नाही?

दोर परत पाठवायचा राहिला तो राहिलाच. आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत तो आजही आहे. त्यावर कपडे वाळतात.

हे मी कुणासाठी लिहितेय? माझ्या भावासाठी, अमोलसाठी, जो गावात राहिला. आणि माझ्यासारख्या त्या सगळ्यांसाठी, ज्या सामान बांधून इकडं आल्या आणि आता संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून "आमच्या गावी ना..." अशी सुरुवात करतात. मी त्यातली पहिली. माझं "आमच्या गावी" ऐकून माझी पोरगी ईशा कानात इअरफोन घालते. तिचं बरोबर आहे. पण बायांनो, मला एक विचारायचंय. तुम्हाला हे बारा महिने होतं का? मला फक्त उन्हाळ्यात होतं.

पाडवा झाला की सुरू होतं. सकाळी जाग येते आणि उठावंसं वाटत नाही. दूध उतू जाताना दिसतं, पण हात पुढे जात नाही. मी मूळची चिडकी, भांडकुदळ म्हणा हवं तर. पण चैत्र लागला की भांडायचंही सुचत नाही, आणि घरातल्यांना तीच पहिली खूण कळते. महाप्याला माझं ऑफिस आहे. आत एसी इतका की मे महिन्यात मी स्वेटर घालून बसते. परदेशातल्या लोकांच्या गिझरच्या, पाण्याच्या पंपाच्या तक्रारी येतात, त्यांना ई-मेलनं उत्तरं द्यायची. मोटारवाल्याची लेक मी, बापानं हातानं दुरुस्त केलं आणि मी नुसतं "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" लिहिते. एप्रिलमध्ये हे वाक्य टाइप करताना डोळ्यांत पाणी येतं. गिझरसाठी! बाथरूममध्ये जाऊन तोंड धुते आणि परत येऊन पुन्हा दिलगिरी.

बाहेर पडलं की इथलं ऊन. आमच्याकडचं ऊन कोरडं, चटका देतं आणि सावलीत गेलं की सोडून जातं. इथलं खाडीवरचं ऊन ओलं. ते सावलीतही अंगाला चिकटून बसतं, पाहुणा जेवूनखाऊन जायचं नाव घेत नाही तसं. घामानं ओली साडी, पुढे-मागे डंपर आणि ट्रेलर, रिक्षावाला उगाच खेकसतो. अशा वेळी डोळ्यांपुढे काय येतं? सायकलच्या दांडीवर बसलेली मी, मागे तात्या पायडल मारतायत, हँडलला पान्यांची पिशवी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तात्या मला कामाला घेऊन जायचे. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, मग मोटार खाली घ्यावी लागते, पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गाळात रुततो, म्हणून त्यांना तेव्हाच जास्त काम. विहिरीवर पोचलं की तात्या दोर बांधून खाली उतरायचे आणि मी काठाजवळच्या दगडावर बसायची. माझं काम एकच. अधूनमधून हाक मारायची, "तात्याऽऽ!" खालून गोल फिरत उत्तर यायचं, "ओऽऽ!" मग थोड्या वेळानं पुन्हा. मला तो खेळ वाटायचा. मी हाका मोजायची. वर शेतमालक चिंचेखाली झोपलेला, कुठं घाई नाही, कुणाला मेल नाही. संध्याकाळी परत येताना तात्या घसा मोकळा करून सांगायचे, "सुरे, एक ध्येनात ठेव. विहीर घ्यायची झाली तर वैशाखात बघून घ्यावी. श्रावणात काय, समद्याच विहिरी श्रीमंत." मी मान डोलवायची. मला कुठं विहीर घ्यायची होती?

ते साधं आयुष्य. ते सोडून मी इथं काय करतेय, असा प्रश्न दर उन्हाळ्यात पडायचा आणि मी राजीनामा लिहायची. गंमत म्हणजे पाठवायची नाही. पहिला पाऊस झाला, हवा जरा हलली, की माणसात यायची आणि विसरून जायची. संदीप यावरून चेष्टा करतो. "तुझं कॅलेंडर मला पाठ आहे," म्हणतो. "एप्रिलमध्ये तुला गावी जायचं असतं, जूनमध्ये तुला नवीन पडदे घ्यायचे असतात." मागच्या वर्षी मी चिडून ऑफिसचे ड्राफ्ट उघडून बघितले. पाच राजीनामे होते. पाचही वैशाखातले. मजकूरसुद्धा जवळजवळ तोच. मी पंख्याखाली बसून मोठमोठ्यानं हसले आणि मग तितक्याच मोठ्यानं रडले. ईशानं संदीपला फोन लावला. "पप्पा, मम्मीचं काहीतरी सीरियस आहे, तुम्ही घरी या ना यार."

मग पनवेलच्या डॉक्टरबाई. मला वाटलं, त्या हसतील. उन्हाळा काय सगळ्यांनाच होतो. पण त्या हसल्या नाहीत. काही माणसांचं मन थंडीत खाली जातं, काहींचं उन्हाळ्यात, म्हणाल्या. गोळ्या दिल्या, झोप नीट घ्या, सकाळी ऊन चढायच्या आत चाला, एकट्या बसू नका. आणि शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "एक पथ्य. या दोन-तीन महिन्यांत आयुष्यातला कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. पाऊस पडेपर्यंत थांबायचं." संदीपला एवढा आनंद झाला की त्यानं ते पथ्य फ्रिजवर चिकटवलं.

आता मी गोंधळले ती इथं. तात्या सांगून गेले, विहीर वैशाखात बघावी. तळाला जे उरतं तेच खरं पाणी. डॉक्टरबाई सांगतात, वैशाखात बघितलेलं खरं धरू नका. कुणाचं ऐकायचं? मला गाव आठवतं म्हणून मी उदास होते, की उदास होते म्हणून गाव आठवतं? वर्षातले नऊ महिने पडदे, ईशाचे क्लास, सोसायटीचं हळदीकुंकू यांत मी मजेत असते. ते खरं, की हे तीन महिने खरे? मला खरंच कळत नव्हतं. अजूनही पुरतं कळलंय असं छातीठोकपणे सांगणार नाही.

आमची पहिली घरमालकीण मला या काळात सारखी आठवायची. जुन्या कामोठे गावातली, आम्ही तिला काकी म्हणायचो. मी एकदा तिच्यापाशी गावाचं रडगाणं गात बसले, तर ती पाटावर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुजा गाव तरी हाय ना तितं. आमी कुटं गेलो नाय गो, आमचा गावच निंगून गेला. हितं आमची भाताची खाचरां व्हती, तुमची बिल्डिंग हाय ना, तितंच." ज्यांनी घर सोडलंच नाही त्यांचंही घर राहिलं नाही, याला काय म्हणायचं? तेव्हा मी तिचं बोलणं सोडून दिलं होतं.

या वर्षी चैत्रात अमोलचा फोन आला. तात्यांना जाऊन चार वर्षं झाली. पौषात, रात्रीच्या झोपेतच हृदय थांबलं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, पण ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आता आई, अमोल आणि मी अशी तिघांची नावं लागलीत. अमोलला पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधायचंय. त्यासाठी घर एकट्याच्या नावावर हवं. आईनं आपली सही करून टाकली होती. "आक्का, अक्षय तृतीयेला ये," तो म्हणाला. "आमरस खाऊ, आन दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन हक्कसोडाची सही करून टाकू." अगदी सहज. कारण ती सहजच असते. आमच्याकडे बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडी-चोळी करायची, बहिणीनं म्हणायचं "मला काय करायचंय, माझं माहेर तेवढं राहू दे." माझ्या आईनं असंच केलं, आत्यानं असंच केलं. हा रिवाज चांगला की वाईट, त्यावर भांडायला मला आवडलं असतं, पण चैत्रात भांडायचं बळ कुठलं? आणि अमोल काही लबाड नाही. आईचं सगळं तो आणि त्याची बायको करतात. मी दिवाळीला जाऊन चार दिवस पाहुणी होते.

आणि मी त्याला म्हणाले, "थांब."

कारण ड्राफ्टमध्ये सहावा राजीनामा होता आणि या वेळी तो मला खरा वाटत होता. त्या घराच्या मागच्या खोलीत मी राहणार होते. तात्यांच्या मोटारी दुरुस्तीच्या शेडशेजारी, शेवग्याखाली. सही केली तर ती खोली जाणार. परतायचं दारच बंद. अमोल म्हणाला, "बरं." आमच्याकडे बहीण "थांब" म्हणाली याचा अर्थ काय होतो, हे मला माहीत होतं. तो आता बायकोला काय सांगेल, आईला काय सांगेल, गावात काय पसरेल, सगळं माहीत होतं. संदीपनं फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "बोललीस ते बरोबर बोललीस. जूनमध्ये ठरव ना, टेन्शन काय घेतेस." त्याला सांगून कळेना की जूनमध्ये मी सही करूनच टाकेन, कारण जूनमध्ये मला काहीच नको असतं. म्हणून तर मला आत्ताच बघायचं होतं. विहीर वैशाखात बघावी. मी एकटीच एसटीत बसले.

पहिले दोन दिवस बरे गेले. आमरस-कुरडई झाली. आईनं डोक्याला तेल लावून दिलं. अमोल नीट बोलला, पण सहीचं काढलं नाही, आणि त्याचं न काढणं घरात भांड्यासारखं वाजत होतं. शेजारची माणसं भेटायला आली. मी मनात म्हणत होते, आता यांच्यात राहायचं. ती म्हणत होती, "सुरेखा, तिकडं कंपनीत आमच्या पोरीला चिकटव की. हितं काय ऱ्हायलंय?" चार घरांतून तीच विनवणी. दारोदारी कूलर घरघरत होते. विहिरींवर आता कुणी उतरत नाही, सगळ्यांनी बोअर मारलेत. अमोल शेडमध्ये बसून जळालेल्या मोटारी उकलतो आणि तांब्याची तार नव्यानं भरतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण मी तर डोंगरावरच वाढले होते ना!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलेच नाही.

त्याच मागच्या खोलीत, ज्या खोलीसाठी मी भावाला "थांब" म्हणाले होते, त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. अगदी कामोठ्यात पडते तशी. बाहेर शेवगा, बाहेर आई, बाहेर सगळं जे मला हवं होतं, आणि मला त्यातलं काही नको होतं. मी घाबरले. आजपर्यंत निदान एक आधार होता, की हे शहरामुळं होतंय, गावी गेले की बरं होईल. आता गावीच होते. आता कुठं जायचं?

आई चहा घेऊन आली. उशाशी बसली. "ऊठ" म्हणाली नाही, "काय झालं" म्हणाली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुज्या तात्यांचंबी असंच व्हायचं."

मी वळून बघितलं.

"चैत लागला की मानूस मुका. जेवायचं न्हाय, बोलायचं न्हाय. पावसाचे चार थेंब पडले की पुन्यांदा हसतखेळत. चाळीस वरसं बघितलंय मी. आडात हाय म्हनून पोहऱ्यात आलं, दुसरं काय."

मी उठून बसले. म्हणाले, आई, काहीतरीच काय, उन्हाळ्यात तर तात्यांना किती काम असायचं, मी जायची ना त्यांच्याबरोबर, दिवस दिवस विहिरीत काम करायचे.

"काम घंटाभराचं आसायचं गं. त्ये खालीच बसून ऱ्हायचे. खाली गार असतंय, कुनी दिसत न्हाय, कुनाशी बोलाय लागत न्हाय. लोकास्नी वाटायचं, लई कष्टाळू गडी." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "माजा जीव ठिकाण्यावर नसायचा. विहिरीत उतरलेला मानूस, आन मनानं असा. म्हनून तर तुला धाडायची संगं. म्हनायची, सुरे, दर जरा येळानं हाक मार, आन त्यांनी ओ दिल्याबिगर गप बसू नगंस."

आई चहाची बशी माझ्या हातात देऊन निघून गेली. तिच्या दृष्टीनं तिनं काही विशेष सांगितलं नव्हतं.

मी बशी खाली ठेवली आणि ती विहीर पुन्हा बघितली. सात वर्षांची पोर, दगडावर पाय हलवत बसलेली, हाका मोजतेय. तिला वाटतंय, सुट्टीतली मजा. आणि खाली अंधारात, गुडघाभर पाण्यात एक माणूस बसलाय, त्याला काही नकोय, पण वरनं लेकीची हाक येते म्हणून तो ओ देतोय. दरवेळी देतोय. एकदाही चुकला नाही. तेच माझं साधं, सोपं, सुखाचं आयुष्य! त्याच्याच आठवणीवर मी सहा राजीनामे लिहिले. आणि टेम्पोवर दोर बांधताना तात्या गप्प होते ते माझ्यासाठी होते, की वैशाख होता म्हणून? आता विचारायचं कुणाला? मला त्यांचा राग आला, आईचा आला, माझा स्वतःचा आला. आणि खूप, खूप प्रेम आलं. एकाच वेळी एवढं सगळं आल्यावर माणसानं काय करावं, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी अमोलला म्हणाले, उद्या सही करू.

पथ्य मोडलं, कबूल. पण मी विहीर वैशाखात बघितली होती, आणि त्या खोलीत मला हवं ते पाणी नव्हतं. अमोल खुळ्यासारखा बघत राहिला. "आक्का, तुला राग आला असंल तर राहू दे. घर पत्र्याचंबी चालतंय." मी त्याला म्हणाले, गप बस, साडी चांगल्यातली घे म्हणजे झालं.

तालुक्याला नंबर यायला दुपार झाली. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्याच्या गुडघ्यावर कागदांची फाइल होती आणि तो तिची दोरी सोडत होता, बांधत होता, सोडत होता. दाढी चार दिवसांची. मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. वाटत होतं, माझ्या "थांब"मुळं हा असा ओढलेला दिसतोय. आपल्याला जे वाटतं ते किती आत्मविश्वासानं वाटतं, हे मी वर एकदा लिहिलंय.

"अमोल, तुलापण होतं का रे?"

"काय?"

"चैत्र लागला की."

त्यानं फाइल बांधली. समोर उसाच्या रसाच्या गाड्यावर घुंगरू वाजत होतं. "शेडमधी बसतो मग," तो म्हणाला. "मोटारी उकलत. बायकोला वाटतं, काम लई हाय. कुनाला सांगू नगंस, आक्का."

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. आत जाऊन मी सही केली, अंगठा टेकवला, फोटो काढला. माझ्या बापाच्या घरावरचा हक्क मी सोडला, आणि त्या फोटोत आम्ही बहीण-भाऊ दोघंही रडवेले दिसतो. तिथल्या बाईंना वाटलं असेल, वाटणीवरून भांडलेत.

मी कामोठ्याला परत आले. आल्याबरोबर बरी झाले, असं काही नाही. गोळ्या चालू आहेत, सकाळी सेक्टरला दोन चकरा मारते, दूध अजून एखाद्या दिवशी उतू जातं. सहावा राजीनामा पुसला नाही, पाठवलाही नाही. अमोलला मी डॉक्टरांकडे जा म्हणून रोज छळते. तो "बघू" म्हणतो. पण एक केलंय. रोज दुपारी एक वाजता, मी महाप्याला डबा उघडते त्या वेळी, त्याचा मेसेज येतो. नुसतं "आक्का". मी लिहिते, "ओ". मग मी लिहिते, "अमोल". तो लिहितो, "ओ". बस. जेवलास का नाही, कशी आहेस नाही. भावजयीला वाटतं, आम्हाला या वयात खूळ लागलंय. संदीपनं बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तोही यार्डातून अधूनमधून "मॅडम?" असं पाठवायला लागला. ईशा तर हॉलमधून मोबाईलवरची नजर न काढता ओरडते, "मम्मीऽऽ!" मी "ओ" म्हणाले की पुढे काहीच नाही. काम नसतंच तिचं. पोरीला कुणी सांगितलं, देव जाणे.

मागच्या आठवड्यात एक वाजला, मेसेज नाही. मी लिहिलं, "अमोल". दीड वाजला. डबा तसाच. फोन लावला, वाजून वाजून बंद. मी एसीतून उठले, स्वेटरसकट बाहेर पार्किंगमध्ये आले. डांबर मऊ झालं होतं, चप्पल चिकटत होती. पुन्हा लावला. पुन्हा. मनात नको नको ते. सातव्यांदा उचलला.

"ओ आक्का," तो म्हणाला. "आगं, मोबाईल चार्जिंगला व्हता घरात, मी शेडमधी..."

मग मी त्याला जे झोडपलं, जे झोडपलं! लाज नाही, अक्कल नाही, बहीण इकडं उन्हात जीव मुठीत धरून उभी आणि तू मोटारी उकलतोस, पुन्हा असं केलंस तर येऊन कानफटात देईन, स्लॅबचं घर गेलं चुलीत. सिक्युरिटीवाला खुर्चीवरून उठून बघायला लागला. दोन कुत्री गाडीखालून बाहेर आली. अमोल पलीकडं हसत होता. "आक्का," म्हणाला, "वैशाख हाय आन तू भांडतीयास."

मी थांबले. खरंच की. मला भांडायला सुचत होतं.

घर कुठं आहे तुझं, असं आता कुणी विचारलं तर मला पत्ता नीट सांगता येत नाही. उताऱ्यावर माझं नाव नाही, फ्लॅटवर बँकेचं आहे. मी त्याला म्हणाले, "ठेवते आता, डबा राहिलाय." आणि ठेवायच्या आधी उगाचच, खात्री करायला, हाक मारली. "अमोल!"

"ओऽऽ!"